सरावाचे औषधालय

या विद्यालयातून बाहेर पडलेले आम्ही काही जण आज औषधनिर्माणशास्त्र शिकवितो. आमच्या प्रयोगशाळेशेजारी आम्ही एक औषधालय मांडले आहे. तेथे फळ्या आहेत, खोकी आहेत, बिलबुकही आहे. खोक्यांत औषध मात्र नाही आणि येणारा रुग्णही आजारी नसतो. "फी भरून मुलांनी नाटकच करायचे का?" असे एका पालकांनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे.

मेथोट्रेक्सेट ही गोळी संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली तर अस्थिमज्जेला इजा होऊन प्राणावर बेतू शकते. विद्यार्थ्याला हे पाठ असते. परीक्षेत तो त्यावर पानभर लिहितो. परंतु समोर कमी ऐकू येणारी वृद्धा आणि तिच्यामागे ताटकळलेले चौघे असले, की ते सारे ज्ञान "आजी, आठवड्याला एक" एवढ्या पुटपुटण्यात संपते. आमच्याकडे वृद्धेची भूमिका करणाऱ्या बाई आधी मान डोलावतात आणि निघताना, ठरल्याप्रमाणे, म्हणतात, "बरं बाळा, रोज रात्री जेवल्यावर घेते." त्यानंतर तो विद्यार्थी, गोळी कोणत्या वारी घेणार हे रुग्णाच्याच तोंडून ऐकल्याशिवाय पाकीट हाती देत नाही.

निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका देऊन शिकविण्याची ही रीत १९६३ साली लॉस एंजेलिस येथे हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी प्रथम वापरली. औषधशास्त्राने ती पुढे आपलीशी केली.

हातांचा सरावही असाच चालतो. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे, तर पेनमधले १०० युनिटचे असते. १०० युनिटचे इन्सुलिन ४०च्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत ओढले, तर मात्रा अडीचपट होते. पाणी भरलेल्या कुपीवर ही गल्लत वीस वेळा झाली तरी कोणाची शुद्ध हरपत नाही.

अर्थात या सरावाला मर्यादा आहेत. पदविकेच्या विद्यार्थ्यांचे ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण त्यामुळे अनावश्यक ठरत नाही. आमचा रुग्ण कधी म्हणत नसे, "पैसे कमी आहेत, निम्म्याच गोळ्या द्या." खऱ्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येते. आता ते आम्ही संवादांत घातले आहे आणि बहुतेक मुले तेथेच अडखळतात, कारण त्याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

सध्या आमची अडचण वेगळीच आहे. शिक्षकांचे चेहरे मुलांच्या परिचयाचे झाले असून त्यांच्यासमोर ती दबून बोलतात. आम्हाला अनोळखी रुग्ण हवे आहेत. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी, विशेषतः ज्यांच्या घरी दम्याचा पंप किंवा इन्सुलिन आहे त्यांनी, सवडीने एक दुपार द्यावी. संवाद पाठ करण्याची गरज नाही. औषधांविषयी घरी जे बोलता तेच तेथे बोलावे.