सावरीचं जाकीट

पावसाळ्याआधी बोट किनाऱ्यावर ओढली की तिचं पोट रिकामं करावं लागतं. यंदा नाळेकडच्या कप्प्यातून वडिलांचं जुनं जीवरक्षक जाकीट निघालं. शिवण उसवलेली, आत राखाडी कापूस आणि आजीच्या उशांचा तो कुबट, तेलकट वास. कापूस पांढऱ्या सावरीचा. त्याचा तंतू आतून पोकळ, वर मेणाचा पातळ थर, त्यामुळे पाणी सहसा आत शिरत नाही. फोम येण्याआधी जगभरचे कितीतरी खलाशी याच कापसाच्या भरवशावर होते. मात्र तेलात भिजला किंवा वर्षानुवर्षं दबला की तो तरंगणं विसरतो. वडिलांचं जाकीट तर त्यावर बसूनच चपटं झालेलं. अंगावर चढवलेलं मी कधी पाहिलंच नाही. तरी ते फेकवत नाही.

लहानपणी आम्ही वडिलांच्या एका मित्राच्या शिडाच्या होडीतून मांडव्याला जायचो. पिछाडीला लाल-पांढरं जीवरक्षक कडं होतं, नायलॉनच्या दोरीने गाठीवर गाठ मारून जखडलेलं. ‘चोरीला जातं रे,’ असं काका म्हणायचे. शाळकरी मी वाटभर त्या गाठींशी झटायचो. मिठाने आवळलेली दोरी, नखं दुखायची, मांडवा यायचा, गाठ तशीच.

यंदा नवं कडं बसवलं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं. सुकाणूजवळच्या कठड्यावर, नुसतं खाचेत अडकवलेलं. ओढलं की हातात. पाच नॉटच्या वेगाने चाललेली बोट मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते, आणि लाटांत माणसाचं डोकं म्हणजे नारळ. चोरीला गेलं तर जाऊ दे, दुसरं घेईन.

डेकवर नाळेपासून पिछाडीपर्यंत कमरेचा पट्टा अडकवायची चपटी पट्टी ताणली. गोल तार नाही, ती पायाखाली गडगडते. पट्टीच्या कड्यांना स्क्रू चालत नाहीत. डेकला आरपार भोक पाडायचं, बोल्ट घालायचा, खालून धातूची पाटी लावून नट आवळायचा. नाहीतर माणसाच्या वजनाचा झटका बसला की कडं डेकच्या तुकड्यासकट उपटून येतं. चांगल्या डेकला भोक पाडताना जीव हळहळतो, ते वेगळं.

रेवसच्या बाजूला शीड वळवलं की ‘रामदास’ आठवतेच, कुणी विषय काढो न काढो. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या आजीने त्यानंतर कधी रेवसची बोट धरली नाही. पेणवरून वळसा घालून जायची. तो आकडा ऐकताना मला त्या नायलॉनच्या गाठीच दिसतात. हे तर्काला धरून नाही, ठाऊक आहे.

आणि एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे नाविक अभिलाष टॉमी. 2018 साली दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला. गोव्यात बांधलेल्या त्या 32 फुटी बोटीत ते पडून होते. शेवटी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ही बातमी वाचल्यापासून मी संकटात संदेश धाडणारं यंत्र उभ्याच्या उंचीवरून काढून बंकच्या कडेला, झोपल्या झोपल्या हात पोचेल असं लावलं आहे. उठता न येणाऱ्याचा हात पोचेल, तेवढीच त्याची बोट.

माझा राग आहे तो जाकिटं कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्यांवर. एका किनाऱ्यावर बोट भाड्याने देणाऱ्या गृहस्थांना मी किल्ली विचारली. ‘तपासणीला साहेब आले की काढतो,’ असं त्यांनी हसत सांगितलं. डिसेंबर 2024 मध्ये एलिफंटाच्या वाटेवर नौदलाची वेगवान बोट प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. त्यानंतर गेटवेला जाकीट घालायची सक्ती आली. बरं झालं. पण छोट्या खाड्यांत, हौशी होड्यांवर विचारायला कोण जातं?

तुम्ही विचारा. बोटीत पाय ठेवलात की जाकीट कुठे आहे ते पाहा, कडं कसं बांधलंय तेही पाहा, आणि एकदा स्वतःच्या हाताने सोडवून बघा. नाही सुटलं, तर पुढच्या बोटीने जा.