न पाहिलेल्या बावन्न मिनिटांबद्दल

ती. आत्यास,


‘जो सिनेमा पाहिलाच नाही, त्याच्यासाठी एवढा जीव का टाकतोस?’ असं तू विचारलंस.

‘द गर्ल इन द क्राउड’ हा मायकेल पॉवेलचा १९३५चा विनोदी बोलपट, अवघ्या ५२ मिनिटांचा आणि आता हरवलेला. तुझा लाडका ‘रेड शूज’ करणाऱ्या जोडीतला हाच तो पॉवेल. नवऱ्याच्या मित्राला एक बाई फोनवर सल्ला देते, गर्दीत मनात भरेल त्या मुलीच्या मागे जा. तो जातो, आणि ती मुलगी नेमकी हीच निघते! गोष्ट एवढीच. पण फोन ठेवल्यावर ती किती वेळ गप्प राहते, तो कुठे अडखळतो, यावर हशा ठरतो. ते कथासारात उरत नाही. दुःखाची गोष्ट नुसती ऐकूनही गलबलायला होतं. विनोदाचं तसं नाही.

गूगी विदर्स या सिनेमात एक्स्ट्रा म्हणून गेली होती. पहिल्याच दिवशी कुणा नटीला काढलं आणि ती भूमिका हिच्या पदरात पडली. जन्म १९१७चा, कराचीचा, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला. पुढे हिचकॉकच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’मध्ये ती दिसते. पण कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिलेली ती पोर आज कुणालाच दिसत नाही, याची मला सर्वांत जास्त चुटपुट लागते.

ब्रिटनमध्ये १९२७च्या कायद्यानं वितरकांना आणि थिएटरवाल्यांना ठरावीक टक्के ब्रिटिश सिनेमे घेणं सक्तीचं झालं. मग वॉर्नर ब्रदर्ससारख्या अमेरिकी कंपन्या तिथेच झटपट सिनेमे काढून घेऊ लागल्या. फुटामागे साधारण एक पौंड खर्च. पॉवेल यातच घडला. कोटा भरला की रिळांची किंमत संपली. जुन्या प्रती वितळवून त्यातली चांदी काढत. उरलेल्या रिळांचं नायट्रेट आपणहून कुजतं: आधी चिकट होतं, मग त्यावर मधासारखे फुगे येतात, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी राहते. पेटलं तर पाण्याखालीही विझत नाही. तुमच्या पुण्यात २००३ साली फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेटची रिळं जळाली, ते तुला आठवत असेल.

‘स्वस्तातला माल, गेला तर गेला’ हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. स्वस्तातला म्हणूनच तो कुणी जपला नाही. पॉवेलचाच ‘रायनॉक्स’ कित्येक वर्षं हरवला असंच धरून चालले होते. पुढे तो सापडला. म्हणून या बावन्न मिनिटांचं तेरावं घालायला मी तयार नाही.

तब्येतीला जप.

तुझा,
भाचा