पांडेसऱ्यातील एक घर

गेल्या पावसाळ्यात आम्हांस सुरतेस जावे लागले. आमच्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे पोटासाठी तिकडे गेली आहेत. नवापूरला ताप्ती मार्गाची गाडी धरली की माणूस उधन्यास उतरतो. आणि नवापूरचे स्थानकच अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत असल्याने परराज्यात चाललो असे कोणास वाटतही नाही. पांडेसऱ्यात यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा आमचा एक धर्मबंधू कामावर जाईनासा झाला, असे कळले होते.

दुखणे कमरेचे. कोणी सोबत्याने ट्रॅमाडोलची गोळी दिली. वेदना थांबली, रात्रपाळी पार पडली. पुढे एकीच्या चार झाल्या. गोळी चुकली की जांभया, डोळ्यांतून पाणी, हाडे फुटत असल्यासारखा ठणका. ट्रॅमाडोल कारखान्यात तयार होत असले तरी मेंदूवर अफूसारखेच काम करते, आणि सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ते मादक द्रव्यांच्या कायद्याखाली आणले, हे आम्ही पुढे वाचले. त्या दिवशी मात्र आम्ही त्यास व्यसनाबद्दल चांगलेच खडसावले. त्याची पत्नी चहा गाळीत होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

निघताना थोरला मुलगा रस्त्यापर्यंत आला व हळूच म्हणाला, “फादर, एका अळंबीने हे सुटते म्हणतात. मिळाली तर बाबांना देऊ का?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

परतल्यावर शोध घेतला. मुलाचे म्हणणे अगदीच खुळे नव्हते. मेक्सिकोतील अळंबीतून सायलोसायबिन हे द्रव्य स्वित्झर्लंडचे आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ साली वेगळे केले; एलएसडीही त्यांचेच. शिकागोचे डॉक्टर एरिक कास्ट यांनी १९६४ साली पन्नास अत्यवस्थ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एलएसडीने आलेला आराम नेहमीच्या जालीम वेदनाशामकांहून अधिक काळ टिकला होता. नंतर कायदे कडक झाले व संशोधन अनेक वर्षे खुंटले. आता ते पुन्हा सुरू आहे. ही द्रव्ये अफूच्या वाटेने जात नाहीत, मेंदूतील सेरोटोनिनच्या मार्गाने काम करतात. २०२२ साली न्यूयॉर्कमधील एका प्रयोगात सायलोसायबिनमुळे दारूच्या व्यसनींचे पिणे घटले. जुनाट वेदना व अफूचे व्यसन यांवर मात्र अजून लहान चाचण्याच चालू आहेत. गॅबनमधील इबोगा झुडपाच्या मुळीने हेरॉइनची ओढ जाते, हा अनुभव हॉवर्ड लॉट्सॉफ या तरुणाने १९६२ मध्येच घेतला होता. पण तिने हृदयाचा ठेका बिघडून माणसे दगावलीही आहेत. आपल्याकडे सायलोसायबिन १९८५ च्या कायद्याने निषिद्ध आहे.

शोधता शोधता पोप बारावे पायस यांचे २४ फेब्रुवारी १९५७ चे भाषण हाती आले. असह्य वेदना शमविण्यासाठी गुंगीची औषधे देणे अधर्म नव्हे, असे त्यांनी डॉक्टरांस सांगितले होते. सेमिनरीत आम्ही ते अभ्यासले होते. पांडेसऱ्यातच नेमके आठवले नाही.

मुलास लिहिले: चोरून आणलेली अळंबी देऊ नकोस, आणि गोळ्याही एकदम तोडू नकोस. जिभेखाली ठेवण्याची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आज उपलब्ध आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असते. बाबांना सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात ने, आणि कमरेवरही वेगळा उपचार माग.

दुसरे पत्र वडिलांस लिहिले, क्षमा मागण्याचे. त्यास चार दिवस लागले.

नाताळच्या आधी उत्तर आले. गोळी जिभेखाली ठेवतो. काम अर्धाच दिवस करतो. कंबर अजून दुखते. फादरांनी पुन्हा यावे, या वेळी जेवून जावे.