रात्रपाळीचं घर

लेस्टर, रविवार, १८ ऑगस्ट २०२४

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया पोलिसांचं पत्र आलं. १४ ऑक्टोबरला पर्थच्या उत्तरेला जूनडलपच्या अकादमीत हजर व्हायचं. कोणतं ठाणं मिळणार ते प्रशिक्षण संपल्यावर कळेल. म्हणजे नोकरी पक्की, शहर पक्कं, ठाणं मात्र अधांतरी, आणि घर त्याआधीच घ्यायचं आहे. अकरा वर्षांच्या मुलीला शाळेत घालायचं तर पत्ता लागतो. तिथे सरकारी हायस्कूलमध्ये हमखास प्रवेश मिळतो तो पत्त्यावरूनच. ती फेब्रुवारीत सातवीत जाईल आणि तिकडे सातवी हायस्कूलमध्येच येते.

नवऱ्याने नकाशा पसरलाय. पर्थ समुद्राला चिकटून उत्तर-दक्षिण लांबच लांब गेलेलं आहे. वरच्या टोकाला यान्चेप, खाली मॅन्ड्युरा, मध्ये शंभर किलोमीटरहून जास्त वस्ती. इथल्या पोलीस दलातून आधी गेलेले कोणी जूनडलपच्या आसपास राहतात, कोणी दक्षिणेला रॉकिंगहॅमला. दोन्हीकडे ब्रिटनहून आलेली माणसं भरपूर. फोन केला की सगळे एकच सांगतात, समुद्राजवळ घर बघ. रात्रपाळी करून आल्यावर झोप कुठे चांगली लागते, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

बुधवार, २१ ऑगस्ट

आप्पांशी बोलले. त्यांची सगळी नोकरी मुंबई पोलिसांत गेली आणि आमचं सगळं बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत. एकशे साठ चौरस फुटांची खोली. आप्पा रात्रपाळीहून आले की डोळ्यांवर पंचा टाकून भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आई कुकर लावायची नाही, शिटी नको म्हणून. भात पातेल्यात शिजायचा. आम्ही भावंडं बाहेर व्हरांड्यात अभ्यास करायचो. पण त्या चाळीत एक गोष्ट होती. बंदोबस्ताला आप्पा चार-चार दिवस घरी नसले तरी आई एकटी कधीच नव्हती. मजल्यावर पोलिसांचीच बिऱ्हाडं. कोणाची ड्यूटी कुठे लागली आहे, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

आज ते म्हणाले, “ठाणं साहेब ठरवतो. घर आपल्या हातात असतं, ते ठाणं बघून घेऊ नकोस. तू नसताना ही दोघं तिथे कशी राहतील, ते बघ.”

पर्थ, मंगळवार, ३ सप्टेंबर

पोचलो. इथे वसंत लागलाय, पण हवा ओली आणि गार. सहा आठवड्यांसाठी जूनडलपला सामानसुमानासकट लहानसं बिऱ्हाड भाड्याने घेतलंय. गावांच्या नावांत शेवटी ‘अप’ बराच आढळतो: जूनडलप, कॅरिनअप, मॅरिजिनिअप. ही मूळच्या नूंगार लोकांची नावं, ‘अप’ म्हणजे ठिकाण. आपल्याकडच्या ‘वाडी’सारखं. मुलगी आता प्रत्येक पाटी मोठ्याने वाचते.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. ऑस्ट्रेलियात माती, बिया, झाडपाला आणायला कडक बंदी, म्हणून मूर्तीचा विचारच केला नव्हता. देशी दुकानातून सुपारी आणली आणि ताटलीत तांदळावर मांडली. दूर्वांचं काय करायचं, हा प्रश्न होता. खाली उतरले तर इमारतीसमोरच्या हिरवळीत दूर्वाच! इथे त्या गवताला काऊच म्हणतात, पण ते आपलंच गवत. मुलीने तीन पानांच्या जुड्या निवडून एकवीस मोजल्या. आरती झाली.

दुपारी पहिलं ‘होम ओपन’. भाड्याचं घर ठरलेल्या पंधरा मिनिटांसाठीच उघडं असतं, त्यात ज्यांना बघायचं त्यांनी बघून घ्यायचं. आमच्यापुढे दारात तेवीस माणसं होती. नव्वद टक्के जणांनी अर्ज फोनवर तिथल्या तिथे भरला. आमचा अर्ज संध्याकाळी परत आला. इथे भाड्याने राहिल्याचा इतिहास नाही, एवढंच कारण. लेस्टरला अकरा वर्षं एक दिवसही न चुकता भाडं भरलं, तो इतिहास मोजायला एजंट तयार नव्हता. याचं मला फार वाईट वाटलं. परदेशातून माणसं बोलावून घेणाऱ्या राज्यात निदान तिकडच्या घरमालकाचं पत्र वाचलं जावं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

तीन अर्ज नाकारले गेले. आज मी घरं बघायची थांबवली आणि रस्ते बघितले.

पहाटे पावणेपाचला एकटी गाडी काढून यान्चेपपर्यंत गेले. तिथे रेल्वे आत्ता १४ जुलैला पोचली. स्टेशन कोरं करकरीत, आजूबाजूला वाळूत आखलेले रस्ते आणि अर्धी बांधलेली घरं. भाडं कमी आहे, आणि गाडी पाऊण तासापेक्षा थोड्या जास्त वेळात शहरात पोचवते. तरुण जोडप्याने तिथे जरूर राहावं. पण मी रात्री कामावर असताना मुलीला ताप आला तर नवऱ्याने जायचं कुठे, हे त्या अंधारात उभी राहून मी स्वतःला विचारलं. दिवे दूर होते.

रेल्वे हवीच, पण माझ्यासाठी नव्हे. रात्रपाळीच्या वेळेला रेल्वे उपयोगाची नाही, मला गाडीच लागेल. रेल्वे नवऱ्याला हवी, त्याचं हिशेबाचं काम शहरात मिळेल. आणि मुलीला हवी, म्हणजे ती दरवेळी आमच्या गाडीवर अवलंबून राहणार नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

कॅनिंग व्हेलला एका मराठी घरी आरतीला गेलो. भारतीय वस्ती मोठी, हिंदू मंदिर जवळ, कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्ता आणि भाजणी. मुलगी समवयस्क मुलींबरोबर झांजा वाजवत होती, तिथून निघायलाच तयार नव्हती. जेवताना नवऱ्याचे डोळे मला विचारत होते: इथेच राहू या का?

नंतर भांडी आवरताना एक बाई माझ्याजवळ आली. मी पोलीस आहे हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. “माझ्या ओळखीतली एक आहे,” म्हणाली, “तिचा नवरा हात उचलतो. तिने तक्रार केली तर तिचा व्हिसा जाईल का?” मी नळ बंद केला. जीवाला धोका असेल तर पोलिसांसाठी फोनवर तीन शून्य, एरवी १३१ ४४४, आणि व्हिसाच्या भीतीने तिने गप्प बसू नये, असं सांगितलं. माझा नंबरही दिला. ती ओळखीतली कोण असावी, हे मला तिच्या मनगटाकडे बघून कळलं.

परतीच्या पंचेचाळीस किलोमीटरांत आम्ही फार बोललो नाही. आपल्या माणसांत राहावं ही ओढ खरी आहे. पण त्याच गल्लीत उद्या माझ्या ठाण्याची गाडी गेली, तर एका दारात मी शेजारीण आणि पोलीस दोन्ही कशी होणार? तिथल्या एखाद्या बाईला माझ्याशी मोकळं बोलायचं असेल, तर मी तिच्या सासरच्यांच्या शेजारची नसणंच बरं. शिवाय तिथून जाणारा नवा लोहमार्ग अजून बांधून व्हायचा आहे. सणाला आम्ही तिथे जाऊ, राहणार मात्र नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आज एका जुन्या अनुभवी सार्जंटशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आधी भाड्याने राहा, विकत घ्यायची घाई नको. काही वर्षांत ग्रामीण भागात बदली येऊ शकते. कॅलगुर्ली इथून सहाशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून नांदेड. ब्रूमला रस्त्याने बावीसशे. कुनुनरा तर तीन हजारांच्याही पुढे. अशा ठिकाणी राहायला सरकारी घर मिळतं. हे राज्य पंचवीस लाख चौरस किलोमीटरांचं आहे, महाराष्ट्राच्या आठपट, आणि सगळ्याला मिळून पोलीस दल एकच.

बदली हा शब्द ऐकला आणि अचानक सगळं ओळखीचं वाटलं.

शनिवार, २८ सप्टेंबर

करंबाइनचं घर. दुहेरी विटांची भिंत, कौलारू छप्पर, तीन खोल्या, स्टेशन पायी दहा मिनिटं. सगळे स्वयंपाकघर बघत होते. मी मागच्या झोपायच्या खोलीत गेले. खिडकी दक्षिणेला. इथे दुपारचा सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेची खोली गार राहते, आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापते. हे उलटं गणित अंगवळणी पडायला मला तीन आठवडे लागले. खिडकीला बाहेरून पत्र्याचं रोलर शटर होतं. भिंतीवरचा पट्टा सोडला. पट्ट्या खडखडत खाली आल्या, प्रकाशाची शेवटची रेघ मिटली आणि भर दुपारी खोलीत रात्र झाली. मी दार लावून घेतलं आणि उभी राहिले. शेजारच्या पोहण्याच्या तलावाचा पंप हलका घरघरत होता. कुत्रा नाही. रस्त्याचा आवाज नाही.

आप्पांना उभ्या नोकरीत असा अंधार एकदाही मिळाला नाही.

बाहेर आले तर शेजारची म्हातारी आयरिश बाई कुंपणापाशी मुलीला लिंबं देत होती. तिचा मुलगा परिचारक, तोही रात्रपाळीवाला. म्हणाली, “मुलगी संध्याकाळी एकटी असेल तर मी घरातच असते.” नवऱ्याने तिथेच अर्ज भरला. सोबत लेस्टरच्या घरमालकाचं पत्र आणि माझ्या नेमणुकीचं पत्र जोडलं.

बुधवार, २ ऑक्टोबर

घर मिळालं. आठवड्याला साडेसहाशे डॉलर. चार आठवड्यांची अनामत आणि दोन आठवड्यांचं भाडं आगाऊ, मिळून तीन हजार नऊशे. जुलैअखेरच्या नव्या नियमाने भाडं आता वर्षातून एकदाच वाढवता येतं. समुद्र गाडीने पाच मिनिटांवर आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर तिथून थंड वारा येतो, त्याला इथे ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. शाळा सोमवारी सुरू.

पोलीस होऊन परक्या देशात जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: घर दुपारी बघा, झोपायची खोली अंधारी करून बघा, आणि एकदा रात्री त्या रस्त्यावर घरच्यांना घेऊन पायी चालून या.

रात्री साडेनऊला नायगावला फोन लावला, तिकडे सात वाजले होते. इथे उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करत नाहीत, २००९ मध्ये लोकांनी मत देऊन ते नाकारलं. आप्पांना आणि मला अडीच तासांचा हिशेब आता वर्षभर पुरेल.