समुद्राकाठचे केळवण

लग्न ठरले की आमच्या जुन्नर-आंबेगावाकडे केळवणांची रांग लागते. आज मामाकडे पुरणपोळी, उद्या आत्याकडे श्रीखंड. नवरी खाऊन खाऊन दमते आणि तिच्या मैत्रिणी ताटे वाढण्यापुरत्या उरतात. विलायतेत मात्र मैत्रिणीच नवरीला घेऊन ब्रायटनसारख्या समुद्रकाठच्या शहरी जातात आणि दोन दिवस मजा करून येतात. याला तिकडे 'हेन पार्टी' म्हणतात, म्हणजे कोंबड्यांची मेजवानी. आमच्याकडेही मेजवानीला कोंबडी असते; पण ती ताटात!

यंदा चैत्रात माझ्या जुन्या विद्यार्थिनी घरी आल्या. नवरी धरून पाचजणी. "बाई, आम्हाला समुद्र दाखवा. पण पैसे थोडे आहेत हं!"

तसा समुद्र आम्हाला परका नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येत असे. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही घाटमाथ्यावर उभा आहे. माल आला, माल गेला. लेकीबाळी मात्र घाटाच्या अलीकडेच राहिल्या.

बेत अलिबागचा ठरला. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाची चिंता नव्हती. चिंता होती ती परवानगीची. "लग्न ठरलेल्या पोरीनं वेस ओलांडायची नसते," नवरीच्या आईने निकाल दिला. तेव्हा ओट्यावर शेंगा फोडत बसलेली अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी म्हणाली, "मी जाते की संगं." पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी 2022 पासून फुकट नेते. म्हणजे सोबतही मिळाली आणि तिचे तिकीटही शून्य!

दिवस मी पंचांगातून काढला. आमच्या शाळेत पाऊणकीचा पाढा आता कोणी म्हणत नाही, पण कोकणच्या किनाऱ्यावर तो अजून कामाला येतो. तिथीचा आकडा पाऊणपट करावा, की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. नावेचे भाडे वाचते. त्यातून वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी. दुपारच्या जेवणाचाही खर्च वाचला! तरी पाण्यात पाय घालण्याआधी मी तिथल्या कोळ्यांना विचारून घेतले. पाढा आपला, पण समुद्र त्यांचा.

तृतीयेला पहाटे निघालो, पुण्याला एसटी बदलली आणि नारळाच्या वाडीतल्या एका खोलीत सातजणी उतरलो. संध्याकाळी आजी पहिल्यांदा समुद्रासमोर उभी राहिली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "डिंभ्याच्या धरणावानी दिसतंय. पण भिंत कुठंय?"

दुसऱ्या दिवशी किल्ला पाहिला. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने गाजवलेला. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. लेण्याद्री आणि ओझर घराशी असलेल्या आम्ही. इथेही गणपतीच भेटला म्हणून आजी खूश होती.

रात्री चंद्राची वाट पाहत वाळूत बसलो होतो. पोरी गाणी म्हणून थकल्या. तेवढ्यात आजीने नातीला विचारले, "हे लगीन तुला पसंत हाय ना गं?"

सगळ्या गप्प झाल्या. तीन महिने दागिने, मानपान, हॉल यांची चर्चा चालली होती. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मुलगा पसंत आहे," ती हळूच म्हणाली. "पण वैशाखात लग्न झालं, तर नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहील. एकदा राहिलं की राहिलंच."

"मग घरी का नाही बोललीस?"

"घरी कुणी ना कुणी असतंच."

आजी काही बोलली नाही. तिकडे नारळींच्या मागून चंद्र वर आला आणि आम्ही उपवास सोडला.

पंचमीला घरी पोहोचल्यावर आजीने पिशवीतून अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ काढली. कांद्याच्या मुलखात कांदे विकत आणले म्हणून सारे हसले. हसू ओसरायच्या आत तिने लेकाला सांगितले, "लगीन होईल. पण पोरगी परीक्षा देऊन जाईल." बापाने मान खाली घालून नवऱ्यामुलाला फोन लावला. त्याचे उत्तर ऐकून मला तो मुलगा आवडला. तो म्हणाला, "मला आधीच का नाही सांगितलं?"

परीक्षा झाली. आता तुळशीचे लग्न लागले की हिचेही लागेल.

तेव्हापासून इतर मुली बेत विचारायला येतात. किती पैसे लागतील, कुठे उतरायचे, काय काय पाहायचे? मी पंचांग काढते, एसटीचे वेळापत्रक सांगते. पण त्याआधी विचारते, "घरात आजी आहे का?"