लांबची लेन्स

रस्त्यावरचा फोटो माणसाच्या नकळतच काढायचा, हे माझं पक्कं मत होतं. विचारलं की माणूस सावध होतो, केसांवरून हात फिरवतो, मान ताठ करतो आणि फोटोतला जीव जातो. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकते भाग काळ्या पट्टीनं झाकून हिंडायचा, हे वाचल्यावर तर मला शास्त्राधारच मिळाला. मी लांब पल्ल्याची झूम लेन्स घेतली. वर्ध्यातला बजाज चौक, आर्वी नाका, रेल्वे स्टेशनसमोरचे ऑटो, सगळं रस्त्याच्या पलीकडून टिपू लागलो.

आता माझं मत तसं राहिलेलं नाही. त्याला हिंगणघाटचं कापूस मार्केट कारण झालं.

हंगामात तिथं गाड्यांची लांब रांग लागते. व्यापारी गाडीपाशी येतो, कापसात कोपरापर्यंत हात खुपसतो, आतला मूठभर कापूस उपसतो आणि चिमटीत ताणून धागा पाहतो. ओलावा किती, कवडी किती, हे त्याला हातालाच कळतं. तेवढा वेळ शेतकरी त्याच्या तोंडाकडे पाहत उभा असतो. मला नेमका तोच चेहरा हवा होता आणि दूरच्या शेडमधून तो मिळतही होता. एकदा अशाच एकानं मला पाहिलं. सरळ चालत आला आणि म्हणाला, "भाऊ, आमचे रडके फोटोच काहून काढता? भाव बरा भेटला तवा कुठं होते तुमी?"

मुळात तो रडका नव्हताच. तो मनात हिशेब करत होता. बोली झाल्यावर हमालाशी थट्टामस्करी करत खर्रा घोटत होता. पण माझ्या फोटोत हे काहीच नव्हतं. विदर्भ, शेतकरी, ओढलेला चेहरा एवढं दिसलं की पुण्या-मुंबईचा वाचक उरलेली गोष्ट स्वतःच भरून टाकतो, आणि ती कोणती असते हे सांगायला नको. नकळत काढलेला फोटो खरा असतो, असं मी म्हणत होतो. पण ज्याचा फोटो आहे त्यालाच त्यात काही बोलता येत नव्हतं.

मग पोज न देता काढलेले चांगले फोटो असतात ते कुठून येतात? याचं उत्तर माझ्या घरापासून आठ-दहा किलोमीटरवर होतं. सेवाग्राममध्ये गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी आश्रमाची कारकुनी कामं करायचा. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्याचा रोलीफ्लेक्स कॅमेरा आला. बापूंच्या अटी तीन होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही आणि आश्रम या कामाला पैसे देणार नाही. दुसरी अट वाचून मी आधी खूशच झालो, हे तर माझंच म्हणणं! पण कनूच्या रोलीफ्लेक्सची लेन्स बदलता येत नव्हती. जवळचं हवं तर चालत जवळ जावं लागे. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची सेवा करणारे गांधीजी त्यानं टिपले, ते काही झुडपाआडून नव्हे. तो त्याच अंगणात राहणारा होता, म्हणून कुणी दचकत नव्हतं. आणि समोरच्याला नाहीही म्हणता येत होतं. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या अखेरच्या घटकेला बापूंनी त्याला फोटो काढू दिला नाही.

मी काही आश्रमवासी नाही. पण झूम विकून साधी ३५ मिलिमीटरची लेन्स घेतली. आता आधी चहा पितो, गप्पा होतात, कॅमेरा टेबलावर सगळ्यांसमोर असतो. विचारलं की माणूस ताठ होतो हे खरंच आहे, पण गिऱ्हाईक आलं की तो पुन्हा कामाला लागतो. यात काही फोटो हुकतात. एका क्षणाचे, पुन्हा न मिळणारे हुकतात, आणि त्याची हळहळ मला अजूनही वाटते. गर्दीचा फोटो मी आजही न विचारता काढतो; बाजारातल्या प्रत्येकाला विचारत बसलो तर बाजार उठून जाईल. एकट्या माणसाचा चेहरा मात्र नाही.

पोजचा तिटकाराही गेला. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल सजवून आलेली पोरं कॅमेरा दिसला की स्वतःच उभी राहतात. कोणत्या बाजूनं काढायचा, बैलाची झूल दिसली पाहिजे, आजोबाही फोटोत हवेत, हे सगळं तीच ठरवतात. पूर्वी मी असे फोटो कॅमेऱ्यातच पुसून टाकायचो.

या अंकातल्या छायाचित्रांत सिंदीची ती पोरं आहेत. हिंगणघाटचे लांबून घेतलेले चेहरे मी संपादकांना दिलेले नाहीत. त्यांच्या जागी बोली झाल्यानंतरचा, विचारून काढलेला एकच फोटो आहे.