धूर कोणाचा?

गेल्या फाल्गुनांतील गोष्ट. पहांटे स्नान आटोपून गच्चीवर जावें आणि उत्तरेकडील सातपुड्याची निळी रांग डोळे भरून पाहून मग संध्येस बसावें, हा चोपड्यास बिऱ्हाड केल्यापासूनचा माझा परिपाठ. त्या दिवशीं डोंगर जागेवर नव्हता. त्याच्या ठिकाणीं राखेच्या रंगाचा पडदा होता आणि हवेंत जळक्या पाल्याचा वास होता. खालीं माजघरांत धाकटा नातू रात्रभर खोकत होता. आडवा केला कीं त्याचा श्वास अडे, म्हणून त्याची आजी त्याला खांद्याशीं उभाच धरून बसली होती.

मास्तरकीची खोड मेल्याशिवाय जात नाहीं म्हणतात. मीं कागद पुढें ओढला आणि जिल्हाधिकाऱ्यांस अर्ज लिहावयास घेतला. डोंगरांतले लोक मोहाच्या फुलांसाठीं रान पेटवितात, धारेपलीकडे मध्यप्रदेशांतलें जंगल जळतें आणि धूर मात्र खानदेशानें गिळावा, हा कोठला न्याय? अशा थाटाचीं दोन पानें झालीं. मजकूर मला स्वतःला फार आवडला होता, हेंही कबूल करतों.

माझा एक जुना विद्यार्थी वनखात्यांत वनरक्षक आहे. जातीचा पावरा. भोंगऱ्या बाजाराला जातां जातां तो भेटीस आला, तेव्हां मीं त्याला अर्ज वाचून दाखविला. तो सगळें ऐकून घेऊन म्हणाला, "गुरुजी, मोहाखालचा पाला जाळतात हें खरें. फूल पहांटे गळतें आणि वाळल्या पानांत सांपडत नाहीं, म्हणून झाडाखालची जागा साफ करतात. त्यांतली एखादी आग हातची सुटते. कोणी नव्या चाऱ्यासाठीं लावतो, कोणाची विडी पडते." मग त्यानें आपलें काम सांगितलें. उन्हाळ्यापूर्वीं जाळरेषा काढावयाच्या, म्हणजे पट्टे साफ करून आगीची वाट तोडावयाची. आमच्याकडचा वणवा बहुधा शेंड्यावर चढत नाहीं, जमिनीवरचा पालाच खात पुढें सरकतो. म्हणून पाला उडविणारें यंत्र पाठीशीं बांधून त्याच्यापुढें धांवावयाचें. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहानें टिपलेल्या आगींची वर्दी राज्यांना देते. ती आतां थेट त्याच्या मोबाइलवर येते. "पण गुरुजी, वर्दी बीट पाहून येते, धूर बीट पाहून चालत नाहीं." जातांना तो उंबऱ्याशीं थबकला. "एक सांगूं? आज पहांटे सर्वांत दाट धूर मला डोंगरांत लागला नाहीं. अनेरेच्या कांठीं लागला. तिकडे पऱ्हाट्या पेटल्या होत्या."

अनेर नदीच्या पलीकडे, शिरपूर तालुक्यांत, आमची एकत्र कुटुंबाची कपाशीची सहा एकर जमीन आहे. वडील बंधु ती पाहतात. दरवर्षीं कापूस विकला कीं माझा हिस्सा बिनबोभाट घरीं येतो. नदी ओलांडली कीं जळगांव जिल्हा संपून धुळें जिल्हा लागतो.

धुळ्यास शास्त्रीबुवांपाशीं तर्कसंग्रह शिकलों त्याला पन्नास वर्षें होत आलीं. पर्वतावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें जाणावें, हें अन्नंभट्टाचें उदाहरण आम्हां मुलांस झोंपेंतही येत असे. धूर आणि अग्नि एकत्र असतात हें आधीं पाहिलें कोठें, असें विचारलें तर उत्तर असे: महानसांत, म्हणजे घरच्या स्वयंपाकघरांत. पर्वताकडे बोट दाखवितांना मी महानस साफ विसरलों होतों.

अर्जाला परदेशचा दाखला असावा म्हणून सिंगापुरांतील पुतण्याला मीं विचारून ठेवलें होतें. त्याचें उत्तर त्याच आठवड्यांत आलें. सुमात्रा व बोर्निओ बेटांवर ताडतेलाच्या आणि कागदाच्या लांकडाच्या मळ्यांसाठीं जंगलें व दलदलीच्या जमिनी जाळतात. १९९७ सालीं त्या धुरानें शेजारचे देश झांकून टाकले. २००२ सालीं आग्नेय आशियांतील राष्ट्रांनीं धुराबद्दल करार केला. इंडोनेशियानें त्याला मान्यता दिली ती २०१४ सालीं. त्याच वर्षीं सिंगापुरानें, परमुलुखांत आग लावून आपल्याकडे धूर धाडणाऱ्यांसही जबाबदार धरणारा कायदा केला. तरी २०१५ च्या २५ सप्टेंबरला तेथील प्राथमिक व माध्यमिक शाळा बंद ठेवाव्याच लागल्या. खालीं पुतण्यानें सहज लिहिलें होतें, "काका, सरकारनें ज्यांना नोटिसा पाठविल्या, त्यांतल्या एका कंपनीची कचेरी इथें सिंगापुरांतच आहे." तें वाक्य मीं दोनदां वाचलें.

रविवारीं मळ्यावर गेलों. बांधाशीं काळ्या राखेचे ढीग होते. निम्म्या पऱ्हाट्या अजून रचून ठेवलेल्या होत्या. विषय काढतांच दादा म्हणाले, "तुला पेन्शन आहे, तूं अर्ज लिही. मजूर कोठें मिळतो? २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें बोंडें पोखरलीं, तेव्हांपासून शेतकी खातेंच बजावतें, पऱ्हाटी रानांत उभी ठेवूं नका. मग करूं काय तिचें?"

मीं म्हटलें, खातें तिची कुट्टी करून खत करावयास सांगतें. जाळली तर नत्र आणि खताचा अंश आभाळांत जातो.

"यंत्र आपल्या पाळीला येईतों आखाजी उलटते," दादा म्हणाले. याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. एक खातें म्हणतें लवकर नष्ट करा, दुसरें म्हणतें जाळूं नका. मधलें यंत्र आणावयाचें कोणीं, तें कागदावर शोधून सांपडत नाहीं. २०१९ सालीं केंद्र सरकारनें हवा शुद्ध करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला; त्याच्या शहरांच्या यादींत जळगांव आहे. यादी शहरांची, आणि पऱ्हाटी जळते खेड्यांत! उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, मध्यें तापीचें खोरें. रात्रीं गार हवा तळाशीं बसते, वर ऊबदार हवेचें झांकण पडतें, आणि डोंगरचा, शेताचा, भट्टीचा धूर एकाच पातेल्यांत कोंडतो. त्यांतला कोणता कोणाचा, हें नातवाच्या छातीला काय कळणार?

वहिनी ताक घेऊन आल्या. "पोराचा खोकला कसा आहे?" त्यांनीं विचारलें. मीं खरें तें सांगितलें. दादा कांहीं बोलले नाहींत. उठून रचलेल्या पऱ्हाट्यांपाशीं गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

तो ढीग पुढें जळाला नाहीं. शेजारच्या चौघांनीं मिळून यंत्र भाड्यानें आणलें. आमच्या वांट्याचे पैसे कापसाच्या हिशेबांतून वळते झाले. अर्ज मीं पुन्हां लिहावयास घेतला आहे. 'सातपुड्यांतील वणवे' हा विषय खोडून 'तापीच्या खोऱ्यांतील धूर' असा केला आहे, आणि तालुक्याला अशीं यंत्रें माघापूर्वीं मिळावींत, ही मागणी वर घेतली आहे. पहिली सही दादांची हवी. त्यांनीं चष्मा लावून तो वाचला, वणव्यांचें कलम कायम ठेवा म्हणाले, आणि दोन ठिकाणीं माझें शुद्धलेखन दुरुस्त करून कागद परत दिला.